बल्कहेडमधून ठिबकतंय? आधी आवळणं थांबवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी गोड्या पाण्याची काचेची टाकी, खालच्या कॅबिनेटमध्ये संप, म्हणजे फिल्टरची दुसरी टाकी. टाकीच्या तळाच्या काचेला दोन भोकं आहेत. एकातल्या उभ्या पाईपवाटे पाणी संपमध्ये उतरतं, दुसऱ्यातून मोटर ते परत वर चढवते. दोन्ही भोकांत हार्डवेअरच्या दुकानातून आणलेले 1 इंची टँक निपल, म्हणजे भोकातून पाईप जोडायचा आटेदार तुकडा; अ‍ॅक्वेरियमवाले त्यालाच बल्कहेड म्हणतात. मोटरच्या बाजूचा ठणठणीत कोरडा, पण दुसरा पहिल्या दिवसापासून ठिबकतोय. आधी आट्यांवर टेफ्लॉन गुंडाळला, मग वायसरला सिलिकॉन लावलं, मग बाहेरून इपॉक्सी पुट्टी थापली. थेंब कमी झाला, थांबला नाही. आता प्लंबर म्हणतोय की मोठा पाना लावून अजून अर्धा फेरा आवळतो. आवळू द्यावं का?

अजिबात नको. त्याला चहा पाजा आणि पाना पिशवीत ठेवायला सांगा. प्लंबर वाईट नसतो, पण त्याच्या हाताला सवय वेगळ्या दाबाची असते. चार मजली इमारतीच्या गच्चीवरून तळमजल्याच्या नळाला येणारं पाणी साधारण 12 मीटर उंचीचा दाब घेऊन येतं, म्हणजे सव्वा बारच्या आसपास. तुमच्या टाकीतलं पाणी दीड फूट. तळाच्या भोकावर दाब जेमतेम 0.045 बार. पंचवीस पटींहून जास्त फरक आहे. एवढ्याशा दाबाला अडवायला ताकद लागत नाही. स्वच्छ काचेवर स्वच्छ रबर सगळीकडून सपाट टेकलं की पाणी थांबतं. टाकीच्या भोकाशी होणारी जवळजवळ प्रत्येक गळती ही रबर नीट न टेकल्याची असते, आणि मधे भरलेली प्रत्येक वस्तू, मग ती टेप असो, सिलिकॉन असो की पुट्टी, त्या टेकण्याच्या आड येते.

दुर्लक्ष करण्यासारखी मात्र ही गोष्ट नाही. ढोबळमानाने वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला चार लिटरच्या वर पाणी कॅबिनेटमध्ये जातंय. प्लाय फुगतो ते नंतर दिसतं. त्याच्या आधी पाणी एक्स्टेन्शन बोर्डापर्यंत पोचतं. म्हणून हे वाचता वाचता उठा, बोर्ड जमिनीवरून उचलून कॅबिनेटच्या बाजूच्या फळीवर उंच लावा, आणि प्रत्येक वायर प्लगपाशी जाण्याआधी एकदा खाली झोल देऊन मग वर न्या. वायरवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी पडेल, प्लगमध्ये शिरणार नाही. आणि टाकीत किंवा संपमध्ये हात घालायचा तर आधी मेन बंद.

आता गळती नेमकी कुठून आहे ते शोधा, कारण थेंब जिथे पडतो तिथून ती क्वचितच निघते. काचेच्या खालच्या बाजूने पाणी चार-चार इंच सरकत जातं आणि जिथे नटाचा कोपरा किंवा एल्बोची कड सापडेल तिथून सुटतं. युक्ती सोपी आहे. सगळा भाग जुन्या सुती कपड्याने कोरडा करा, थोडा वेळ पंखा सोडा. मग टिश्यू पेपरच्या बोटभर रुंद पट्ट्या करून एकेक कडं गुंडाळा: एक काच आणि नट यांच्या फटीला टेकून, एक नटाच्या खाली आट्यांवर, एक पाईप जिथे निपलात शिरतो तिथे, एक पुढच्या एल्बोवर. टॉर्च धरून पाहत बसा. कोरडा टिश्यू पाणी लागताच गडद होतो, आणि तो कुठल्या बाजूने भिजायला सुरुवात झाली हेही दिसतं. सगळ्यात वरचं जे कडं आधी भिजेल तिथे तुमची गळती. खालची सगळी कडी त्याच पाण्याने भिजणार, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. खाऱ्या पाण्याची टाकी असती तर हे काम मिठानेच केलं असतं. बारीक पाझर असेल तिथे पांढरं मीठ साचून फुलतं.

काच आणि नट यांच्या मधलं कडं भिजलं तर दोष वायसरचा. पाईप शिरतो तिथलं भिजलं तर दोष जोडाचा, म्हणजे पाईप चिकटवायच्या सोल्युशनचा किंवा आट्यांचा. आणि भोकापासून निघालेली केसासारखी रेघ काचेत दिसली तर यातलं पुढचं काहीच वाचू नका. टाकी लगेच रिकामी करा, तळाची काच बदलायची आहे.

तुमच्या वर्णनावरून मला दोष वायसरचा वाटतो, आणि तोही नेहमीचाच: वायसर चुकीच्या बाजूला बसलाय. टँक निपलची एक बाजू म्हणजे रुंद कॉलर, ती टाकीच्या आत, पाण्यात असते. दुसऱ्या बाजूने नट येतो, तो बाहेर, कोरड्यात. रबराची जागा कॉलर आणि काच यांच्या मधे आहे, आतल्या बाजूला. नटाच्या बाजूला रबर नसलं तरी चालतं. किंबहुना तिथे गुळगुळीत प्लास्टिकची चकती असलेली बरी, म्हणजे नट फिरताना काचेवर घासत नाही. रबर फक्त नटाखाली असेल तर काय होतं पाहा. पाणी कॉलरखालून भोकात शिरतं, भोकात निपलचे आटे उघडे असतात, आणि आटे म्हणजे खाली उतरायचा गोल जिनाच. नट कितीही आवळा, पाणी आट्यांच्या घळीतून फेरे घेत नटाच्या पोटातून बाहेर पडतं. टेफ्लॉन गुंडाळल्यावर तुमचा थेंब कमी झाला तो याचमुळे. घळ थोडी भरली, पण पाण्याला मुळात भोकात यायलाच नको होतं. या मुख्य आट्यांवर टेफ्लॉनचं काही काम नाही. ते आटे पाणी अडवायला नसून नुसते दाबून धरायला आहेत.

टँक निपल बनतो तो गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीसाठी. तिची भिंत लवते, जरा खडबडीत असते, आणि सोबतचा वायसर बहुतेक वेळा पातळ आणि कडक असतो. काच लवत नाही. म्हणून काचेवर रबरच मऊ हवं. नखाने दाबलं तर खळगा पडावा आणि नख उचलताच भरून यावा, जाडी साधारण 3 मिलिमीटर, आणि रुंदी कॉलरभर. कापल्याची कड दातेरी नको. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, पुण्यात बोहरी आळीकडे रबराची दुकानं आहेत, निपल सोबत नेला तर मापाचे वायसर मिळतात. बाहेरगावी असाल तर अ‍ॅक्वेरियमचेच बल्कहेड मागवा, त्यांच्या कॉलरी रुंद असतात आणि वायसर काचेच्या हिशोबाने दिलेला असतो. आणखी एक खबरदारी. काही परदेशी बल्कहेडच्या नटाला उलटे आटे असतात. डावीकडे फिरवल्यावर आवळतोय असं दिसलं तर तो दोष नव्हे, आणि जोर लावून उलट दिशेला फिरवायचाही नाही.

सिलिकॉनबद्दल थोडं खरखरीत बोलतो, कारण सगळ्यात जास्त टाक्या त्यानेच बिघडलेल्या पाहतो. सिलिकॉन काचेला छान धरतं, टाकीच उभी असते त्यावर. पण पीव्हीसी आणि तत्सम प्लास्टिकला ते फार काही चिकटत नाही, नखाने साल निघावी तसं सुटतं. दुसरं, ओलं असताना ते वंगणासारखं वागतं. त्यावर बसवलेला वायसर नट आवळताच एका बाजूने सरकून कॉलरबाहेर डोकावतो. तिसरं, जुन्या सुकलेल्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन नीट धरत नाही, त्यामुळे थरावर थर देण्यात अर्थ नाही. आणि बाथरूमसाठी विकतात ते बुरशीनाशक घातलेलं सिलिकॉन टाकीत कधीच नको. माशांना ते विष आहे. बाहेरून थापलेली पुट्टी तर पाणी जिथून सुटतं तिथे नसतेच. ती वाटेत बसते, पाणी वळसा घेतं.

म्हणजे आता तो निपल काढायचा. मासे आणि थोडं जुनं पाणी मोठ्या टबात, एअर स्टोन चालू, फिल्टरचं माध्यम त्याच पाण्यात ओलं. टाकी रिकामी झाली की नट सोडा. पुट्टीमुळे हलत नसेल तर काचेवर जोर न देता नटच करवतीच्या पात्याने उभा चिरा. निपल शंभर-दीडशे रुपयांचा, काच तशी नाही. मग भोकाभोवतीची काच दोन्ही बाजूंनी ब्लेडने खरवडा, ब्लेड काचेला जवळजवळ आडवं धरून. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा साध्या स्पिरिटने पुसा. बोट फिरवल्यावर काच किरकिर वाजली पाहिजे. बोट घसरत असेल तर सिलिकॉनचा पापुद्रा अजून तिथे आहे.

आता भोकाची कड पाहा. डायमंड बिट ज्या बाजूने बाहेर पडतो तिथे काचेचे बारीक शिंपले उडालेले असतात. एखादा शिंपला मिलिमीटरभर असेल तर हरकत नाही, पॉलिश पेपर ओला करून कड हलकी मोडा. पण शिंपला वायसरच्या रुंदीच्या अर्ध्यापर्यंत पोचत असेल तर तिथून पाणी शिरणार, आणि मग जास्त रुंद कॉलरचा बल्कहेड घेण्यावाचून इलाज नाही. भोक निपलपेक्षा किती मोठं आहे तेही मोजा. एक ते दोन मिलिमीटर जास्त हवं. चार-पाच मिलिमीटरने मोठं असलं की निपल एका कडेला सरकतो आणि समोरच्या बाजूला वायसरला टेकायला काच उरत नाही.

मग निपलची कॉलर उजेडात तिरकी धरून तिची खालची बाजू पाहा. ही गोष्ट कुणी पाहत नाही. साच्यातून काढलेल्या प्लास्टिकच्या तुकड्यावर साच्याच्या जोडाची बारीक उंच रेघ असते, कधी आतून बाहेरपर्यंत कॉलर आडवी कापत गेलेली. त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना रबर टेकत नाही आणि पाण्याला सरळ वाट मिळते. काचेच्या सपाट तुकड्यावर 400 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून त्यावर कॉलर गोल-गोल घासा. सुरुवातीला फक्त रेघ आणि दोन-तीन उंचवटे चमक सोडून धुरकट होतील. सगळा पृष्ठभाग एकसारखा धुरकट दिसला की कॉलर सपाट झाली. पाच मिनिटांचं काम आहे.

बसवताना दोन माणसं हवीत. वायसर कॉलरला लावा, पाण्याने ओला करा, बाकी काही लावू नका. आतून निपल भोकाच्या मधोमध धरायला एक जण. खालून दुसऱ्याने नट हाताने फिरवायचा, हाताचा जोर संपेपर्यंत. आतल्याचं काम एवढंच की कॉलर फिरू द्यायची नाही. ती फिरली की रबर पिळवटतं आणि त्याला चुण्या पडतात. मग पान्याने पाव फेरा, फारतर थोडा अधिक. थांबायची खूण रबर स्वतः देतं: कॉलरच्या कडेने सगळीकडे सारखंच, अगदी किंचित फुगून दिसतं. एका बाजूला जास्त फुगलं असेल तर सोडा आणि पुन्हा बसवा. त्यावर आवळून ते सारखं होत नाही, आणि तुमच्या प्लंबरच्या अर्ध्या फेऱ्याने एक तर रबर बाहेर येतं किंवा तळाची काच जाते.

हे झालं वायसरचं. टिश्यूने पाईपच्या जोडाकडे बोट दाखवलं असेल, तर आपल्या बाजारातला एक गोंधळ समजून घ्या, कारण 1 इंच म्हणून तीन वेगवेगळे पाईप मिळतात आणि एका जातीचा पाईप दुसऱ्याच्या सॉकेटमध्ये, म्हणजे फिटिंगच्या तोंडात, कसाबसा बसवला जातो. घरातल्या थंड पाण्याचा पांढरा यूपीव्हीसी पाईप 1 इंची म्हणतात तेव्हा त्याचा बाहेरचा व्यास 33.4 मिलिमीटर असतो. शेतीचा करडा पीव्हीसी पाईप, जो गावाकडे 1 इंची म्हणूनच मागतात, तो 32 मिलिमीटर. गरम पाण्याचा पिवळसर सीपीव्हीसी 28.6 मिलिमीटर. त्यातून पांढऱ्याला आणि पिवळसरला दुकानदार 25 एमएमही म्हणतो, आणि शेतीच्या पाईपात खरोखरच 25 मिलिमीटर व्यासाचा एक वेगळा पाईप असतो. वर्नियर नसेल तर नव्या पाईपचा तुकडा खिशात घालूनच फिटिंग घ्यायला जा.

त्रास खरा 32 आणि 33.4 चा. करडा पाईप पांढऱ्या सॉकेटमध्ये जातो, सोल्युशन लावलं की धरल्यासारखाही वाटतो. पण चहूबाजूंनी 0.7 मिलिमीटर फट राहते. सोल्युशन हा गोंद नाही. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकमेकांत मिसळवतं, आणि त्यासाठी पृष्ठभाग एकमेकांना दाबून भिडलेले हवेत. फट भरायला गेलं की सुकताना ते आकसतं आणि आत बारीक नळी राहते. म्हणून सोल्युशनचा डबा उघडण्याआधी कोरडा पाईप सॉकेटमध्ये घालून पाहा. सॉकेटच्या खोलीच्या एक तृतीयांश ते दोन तृतीयांशापर्यंत जाऊन तो अडायला हवा. तळापर्यंत सैल घरंगळत गेला तर माप चुकलंय.

जोड करताना पाईप काटकोनात कापा, आतली-बाहेरची कुसळं कानशीने काढा आणि बाहेरची कड जराशी तिरपी करा. सरळ कड सॉकेटमधलं सोल्युशन खरवडून पुढे ढकलते. चकाकी पॉलिश पेपरने मोडा, पुसा, दोन्हीकडे पातळ सारखा थर द्या, पाव फेरा फिरवत तळापर्यंत ढकला आणि अर्धा मिनिट दाबून धरा, नाहीतर जोड स्वतःच मागे सरकतो. यूपीव्हीसीला यूपीव्हीसीचं सोल्युशन, सीपीव्हीसीला सीपीव्हीसीचं. डब्यावर दहा मिनिटं लिहिलं असलं तरी पाणी 24 तासांनी सोडा, आणि कोकणातल्या किंवा मुंबईच्या जुलैत त्याहून उशिरा. या कामाच्या वेळी खोलीत माशांची कुठलीही टाकी चालू असेल तर तिचा एअर पंप दुसऱ्या खोलीत ठेवून लांब नळी आणा. पंप खोलीतली हवा ओढतो आणि सोल्युशनचा वास सरळ पाण्यात नेऊन सोडतो. शक्य असेल तर सगळे जोड गॅलरीत करून आणावेत.

आट्यांचा जोड असेल तर टेफ्लॉन तिथे, आणि फक्त तिथे, जिथे बाहेरच्या आट्यांचा तुकडा आतल्या आट्यांत शिरतो. तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या दिशेने तीन वेढे, ताणून. दहा वेढे दिले की आतल्या आट्यांचं प्लास्टिक पाचर मारल्यासारखं फाकतं आणि काही दिवसांनी उभी चीर जाते. युनियनच्या, म्हणजे हाताने सोडता येणाऱ्या जोडाच्या, आट्यांवर टेप नको, तिथे ओ-रिंग काम करते. ओ-रिंगला सिलिकॉनचं ग्रीस चालतं, व्हॅसलीन नको. परदेशी बल्कहेड आणि देशी फिटिंग एकत्र करत असाल तर आट्यांचं मापही वेगळं असू शकतं. आपल्याकडे बीएसपी, अमेरिकन मालात एनपीटी. 1 इंचात एकाला इंचामागे 11 आटे, दुसऱ्याला साडेअकरा. दोन-तीन आटे सहज जातात आणि मग एकदम घट्ट झाल्यासारखं वाटतं. तो घट्टपणा खोटा असतो. अर्ध्या आणि पाऊण इंचात दोन्हींचे आटे 14च असल्यामुळे ते जातातही बऱ्यापैकी, पण आट्यांचा कोन निराळा असतो, तेव्हा मोजूनमापून एकच जात वापरा.

प्लंबर सवयीने आत पितळ बसवलेले एल्बो देतो, नळासाठी तेच लागतात. टाकीला ते नकोत. पितळात तांबं आहे. मासे बराच काळ सोसतात, झिंगे आणि गोगलगाई सोसत नाहीत, आणि खाऱ्या टाकीतल्या प्रवाळांचं तर विचारूच नका. अख्खं प्लास्टिकचं फिटिंग त्याच दुकानात मिळतं, मागून घ्यावं लागतं इतकंच.

आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही, पण मी तुमच्या घरी आलो असतो तर सगळ्यात आधी पाहिली असती. टाकीच्या काचेखाली थर्माकोल आहे, त्याखाली प्लाय. प्लायमधलं भोक नटाहून किती मोठं आहे? टाकीत अडीचशे लिटरच्या वर पाणी, काच आणि वाळू धरून वजन तीनशे किलोच्या पुढे. नटाची कड प्लायला कुठे टेकत असेल, तर त्या वजनाचा काही भाग नटावाटे भोकाच्या कडेवर येतो. असा निपल महिन्याभराने गळतो, आवळला की पुन्हा महिन्याभराने गळतो, आणि एक दिवस काचेला चीर जाते. नटाच्या चारी बाजूंनी निदान बोट फिरलं पाहिजे. हाच न्याय पाईपला. निपलपासून संपपर्यंत ताठ पाईप, मधे कुठे आधार नाही आणि खाली बॉल व्हॉल्व्ह. तो व्हॉल्व्ह फिरवण्याचा प्रत्येक झटका वर वायसरपर्यंत जातो. पाईप कॅबिनेटच्या भिंतीला क्लॅम्पने धरा, पण क्लॅम्प लावताना पाईप ओढून जागेवर आणू नका. तो सुटा लोंबतो तिथेच क्लॅम्पची जागा. निपलच्या खाली युनियन ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी करवत लागणार नाही. मोटरच्या तोंडाशी हातभर लवचीक होज द्या. मोटरची थरथर ताठ पाईपातून सरळ काचेपर्यंत पोचते. होजचे क्लिप लोखंडी घेऊ नका, संपच्या दमट हवेत लवकर गंजतात.

तळाला भोक पाडण्याच्या मी मुळातच विरोधात आहे, हेही सांगून टाकतो. मागच्या काचेला वरच्या बाजूला भोक असेल तर वायसर कितीही बिघडला तरी पाणी भोकाच्या पातळीपर्यंतच उतरतं. तळाच्या भोकातून अख्खी टाकी जाते. पुढची टाकी करताना हे काचवाल्याला आधी सांगा. तयार टाकीला भोक पाडायचं झालं तर ती काच टफन्ड, म्हणजे तापवून कणखर केलेली, नाही याची खात्री करा, बऱ्याच कारखानी टाक्यांचा तळ टफन्ड असतो आणि बिट लागताच त्याचा चुरा होतो. मोबाइल किंवा लॅपटॉपची उजळ पांढरी स्क्रीन काचेमागे धरून पोलराइज्ड चष्म्यातून पाहिलं तर टफन्ड काचेत गडद पट्टे किंवा ठिपके दिसतात. भोकाची कड काचेच्या कडेपासून भोकाच्या व्यासाइतकी तरी लांब हवी. बिट घेताना ‘1 इंची निपल’ एवढंच सांगू नका, निपलच्या आट्यांचा बाहेरचा व्यास मोजून त्यात दीड-दोन मिलिमीटर मिळवा. मशीन हळू, वरून पाण्याची धार सतत, दाब मशीनच्या वजनाइतकाच.

आणि लाइट गेल्यावर कॅबिनेटमध्ये पाणी आढळतं, एरवी नाही, असं असेल तर तो निपलचा दोष नाही. मोटर थांबली की वर चढवणाऱ्या पाईपातून पाणी उलटं खाली ओढलं जातं, त्या पाईपाचं टाकीतलं तोंड उघडं पडेपर्यंत. तुमच्या टाकीत पाण्याची पातळी 1 सेंटिमीटर उतरली तर साडेपाच लिटरच्या वर पाणी खाली येतं. तोंड पातळीच्या तीन सेंटिमीटर खाली असेल तर सतरा लिटर, आणि पाईपात होतं ते वेगळं. संपमध्ये तेवढी जागा रिकामी हवी. तोंड पातळीच्या जवळ घ्या, किंवा पातळीच्या किंचित खाली पाईपला बारीक भोक पाडा, म्हणजे हवा शिरून ओढ तुटते. ते भोक शेवाळाने बुजतं, महिन्यातून एकदा काडी घाला. चेक व्हॉल्व्हच्या, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेच्या, भरवशावर राहू नका. गोगलगायीचं एक पिल्लू झडपेत अडकलं की तो असून नसल्यासारखा.

सगळं बसवल्यावर वाळू-दगड न घालता पाणी भरा. आधी चार इंच, टिश्यूची कडी लावून तासभर थांबा. मग अर्धी, मग पूर्ण, मग 24 तास. दुसऱ्या दिवशी नट हाताने तपासा. रबर बसलं असेल तर नखभर फिरेल, तेवढंच फिरवा. त्यानंतर मोटर चालू करून बॉल व्हॉल्व्ह दोन-चार वेळा फिरवा, मोटर दोनदा बंद करा, आणि कडी पुन्हा पाहा. बोअरचं पाणी वापरत असाल तर एक फसगत लक्षात ठेवा: जड पाण्याचे क्षार बारीक पाझर आठवड्याभरात बुजवतात. थेंब थांबला, पण जोडावर पांढरी खडूसारखी रेघ उमटली असेल तर जोड बरा झालेला नाही. पाईपला पहिला धक्का बसला की तो पुन्हा सुटेल.

राहिला तुमचा दुसरा, कोरडा निपल. टाकी रिकामी असेल तेव्हा टॉर्चने आतून बघा. कॉलरखाली रबराची काळी कड गोल दिसत असेल तर त्याला हात लावू नका. दिसत नसेल तर तोही चुकीच्या बाजूने बसलाय आणि आजवर नशिबाने टिकलाय, टाकी रिकामी आहे तोवर त्याचंही काम उरका. वायसर आणतानाच चार आणा. काढलेला वायसर परत लावायचा नसतो, त्याला जुन्या कॉलरचा ठसा पडलेला असतो.